नारळावरचा माणूस

आमच्या परसातल्या नारळाच्या वाळलेल्या झावळ्या काढायला कंत्राटदार सावंतांनी गणपतला वर चढवलं. शेंड्याजवळ पोचल्यावर तो खोडाला मिठी मारून तसाच थांबला. "दादा, चक्कर येतेय," एवढंच म्हणाला.

सकाळपासून कुंपणाच्या कामावरून माझ्याशी भांडणारे सावंत एकदम हळू बोलू लागले. "गणपत, खाली बघू नको. डावा पाय खाली घे. बास. आता उजवा."

मी खाली उभी होते. माणसाचा आवाज दोरीसारखा धरूनही उतरता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

अखेर गणपतचे पाय जमिनीला टेकले. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला. पायरीवर मटकन बसलेल्या सावंतांकडे बघत तो म्हणाला, "आधी दादांना द्या, वहिनी. त्यांचे हात अजून कापतायत."