टर्निप फोर्कची शंभरावी आसामी

"मुश्ताकला घेऊन ये, नाहीतर मी हॉस्पिटलात पाय ठेवणार नाही," असं माझ्या बहिणीने, रेहानाने, बजावलं आणि माझी सहल ठरली. सहल कसली डोंबलाची! साल एक्क्याण्णव, कुवेतची लढाई पेटलेली. लोक रियाधहून जेद्दाला पळत होते आणि मी शहाणा जेद्दाहून रियाधला निघालो. जेद्दात रेहानाचे दिवस भरत आलेले आणि तिचा नवरा मुश्ताक रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात अमेरिकन फौजेच्या पाण्याच्या बाटल्या उतरवून घेत होता. फोन केला की एकच उत्तर, "भाई, कसा येऊ? गावचं काम आहे." आमचं गाव रत्नागिरीच्या बाजूला. त्याचं काम रियाधमध्ये कुठून निघालं, हे मला कळेना.

तुम्ही कधी हा रस्ता केलात तर फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढून निघा. तायफचा घाट उजाडताना फार सुंदर दिसतो, पण तिथल्या माकडांना केळी दाखवू नका. माझं अख्खं डझन गेलं. पुढे नुसता सरळ रस्ता, डावीकडे वाळू, उजवीकडेही वाळू. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, आणि पंपावरच्या टपरीत दोन-तीन रियालमध्ये अंडा-रोटी आणि चहा मिळायचा. त्या काळी दुसऱ्या शहरात जायला कफीलची, म्हणजे मालकाची, चिठ्ठी लागायची. माझ्या खिशात दोन होत्या: एक माझी, दुसरी मुश्ताकच्या कफीलने फॅक्सने पाठवलेली त्याच्या रजेची. चौकीवरचा पोलीस म्हणाला, "रियाध? आत्ता?" मी म्हटलं, "बहिणीचा नवरा आणायचाय." त्याने मान डोलावली आणि सोडलं. त्यालाही बहीण असावी.

दुपार कलता गोदामाशी पोचलो. फाटकावर हा थोरला इंग्रजी बोर्ड: 'टर्निप फोर्क. लोकसंख्या १००.' चुकून भलतीकडे आलो म्हणून गाडी वळवणार, तोच बोर्डाखाली मुश्ताक दिसला. खांद्याला गॅस मास्क, हातात चहा, आणि समोर दोन बांगलादेशी हमालांना काहीतरी समजावत होता.

"हे काय रे?"

"डेलचं गाव, भाई."

डेल म्हणजे पाण्याचा साठा सांभाळणारा अमेरिकन सार्जंट. आता आपल्या कोकणी माणसाची खोड तुम्हाला ठाऊक आहे. गाव कुठलं, कोणापैकी, घरं किती, हे विचारल्याशिवाय घास उतरत नाही. मुश्ताकने डेललाही विचारलं. फौजेत त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो जो बोलायला लागला तो थांबेचना.

टर्निप फोर्कचा इतिहास मला मुश्ताककडूनच ऐकावा लागला. एका माणसाच्या गाडीचं चाक मोडलं, त्याला ते बसवता येईना, म्हणून तो तिथेच राहिला. झालं गाव! मग रेल्वे येणार म्हणून लोक आले, रेल्वे चार मैलांवरून गेली, आणि रुसून निम्मे लोकही गेले. चर्चच्या घंटेवरून दोन घराण्यांत तीन पिढ्यांचं भांडण. त्यावर मुश्ताकने आमच्या गावच्या जमातीसारखी, म्हणजे पंचायतीसारखी, बैठक बसवून निकाल दिला होता: घंटा आळीपाळीने वाजवा. निकाल पत्राने रवानाही झाला होता.

"छान! आता चल घरी."

"मी गेलो तर नव्व्याण्णव होतील ना!"

तेव्हा खरी गोष्ट कळली. डेल लढाईवर निघाला त्याच आठवड्यात गावच्या न्हाव्याने वेशीवरच्या बोर्डावरचे शंभर पुसून नव्व्याण्णव केले आणि हौसेने त्याचा फोटोही पाठवला. "जित्याजागत्या माणसाला पुसला, भाई! दोन दिवस जेवला नाही." म्हणून मुश्ताकने इथे नवा बोर्ड लावला आणि स्वतःचं नाव घालून शंभर पुरे केले.

"अरे गाढवा, तिकडे तुझी बायको बाळंत व्हायची आहे!"

तेवढ्यात इराकी क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. सगळ्यांनी मास्क चढवले. आमचं भांडण मास्कमधूनही चालूच, फक्त कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. भोंगा संपल्यावर डेल गोदामातून बाहेर आला आणि त्याने विचारलं, काय झालं?

माझा पारा चढलेला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुनावलं, "आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत. माणसं जेद्दात, कुवेतमध्ये, दोह्यात. पण गावात किती माणसं विचारलंत तर जमात सगळ्यांना धरते. तीस वर्षं न आलेल्यालासुद्धा! गेला म्हणून माणूस कमी होत नाही. तुमचा न्हावी येडा आहे!"

डेलने वळून बोर्डाकडे पाहिलं.

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

तो आत जाऊन रंगाचा डबा घेऊन आला. शंभर पुसून त्याने एकशे एक लिहिलं. "नव्व्याण्णव तिथले, एक मी, एक हा. कुठेही असलो तरी." मग मुश्ताकच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा. घरी जा."

मुश्ताक तायफपर्यंत रडत होता. तिसऱ्या दिवशी रेहानाला मुलगी झाली. नाव बापाच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, चढलं. मुलूख भारत, जो तिने पाहिलाही नव्हता.

मी आता गावीच असतो. डेलचं पुढे काय झालं, माहीत नाही. परवा जमातीचा नवा सेक्रेटरी वही घेऊन आला. "चाचा, राहत नाहीत त्यांची नावं काढून टाकू. यादी सुटसुटीत होईल." रेहानाची ती मुलगी आता कॅनडात असते, गावात सगळे दिवस मिळून महिनाभर राहिली असेल. त्याने तिच्या नावावर पेन टेकवलं.

"हिला काढू?"

"आधी मला काढ," मी म्हटलं.

त्याने पेनाला टोपण लावलं.