टिकलीपर्यंतचं अंतर

दादाचा फोन आला. "तुही वहिनी गेली रे," एवढंच तो बोलला... त्याला आता महिना झाला. डोळ्यांसमोर वहिनी येते ती मात्र मोटारीच्या उघड्या बॉनेटपाशी पदर खोचून, गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, पाण्यात बोट बुडवून उभी असलेली.

तुमसरला आमच्या घरी ती नवरी होऊन आली ती बाबांच्या जुन्या, गोल दिव्यांच्या मोटारीतून. त्याच मोटारीतून एकदा बपेऱ्याला माहेरी जायचं, हा तिचा हट्ट. पण गाव सोडलं न सोडलं तोच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरायचा आणि आमचा दादा, जात्याच भित्रा, गाडी परत फिरवायचा. इंजिन संपलं, असं दोन मिस्त्रींनी सांगितलं. दादानं भंगारवाल्याला होकारही देऊन टाकला.

वहिनी अडून बसली. "काटा खरा बोलते, हे पाहिलं कोणं? आधी त्याची परीक्षा घेऊ, मंग मोटार इका."

तिनं दादाकडून काट्याला उष्णता कळवणारी पितळी नळी इंजिनातून बाहेर काढवली, शेगडी मोटारीशेजारी आणली आणि भाताला आधण ठेवावं तसा गंज चढवला. नळीचं टोक पाण्यात, शेजारी तिचं बोट. बोटाला अजून चटकाही बसत नव्हता आणि काटा लालात पोचलेला! ती इतकी हसली, की शेजारी गोळा झाले. पाण्याला खळखळून उकळी फुटली तेव्हा काटा लाल पट्टा ओलांडून पार कडेला गेला होता. वहिनीनं कपाळावरची टिकली काढून नेमकी तिथं काट्याच्या काचेवर चिकटवली. दादा कावराबावरा झाला, तेव्हा डबीतली दुसरी लावून घेतली.

"पाणी उकळते ते इथं," ती म्हणाली. "काटा इथं येईस्तोवर थांबाचं नाही."

ऐन मे महिन्यात आम्ही निघालो. काटा लालात, दादा घामाघूम, वहिनी मजेत. बपेऱ्याच्या वेशीवर तिनं शेजारून हात घालून हॉर्न दाबला, तो माहेरचं दार येईपर्यंत सोडला नाही. भंगारवाला नंतर आला, चहा पिऊन गेला.

परवा वहिनीच्या बहिणीला भेटायला दादा आणि मी त्याच मोटारीनं बपेऱ्याला निघालो. काटा लालात शिरला. सवयीनं दादाचा पाय ब्रेककडे गेला... मग त्यानं काचेकडे पाहिलं. टिकलीचा रंग उडालाय, पण ती जागची हललेली नाही. काटा तिच्यापासून बराच अलीकडे होता. दादानं वेग वाढवला, आणि वेस दिसताच या भित्र्या माणसानं हॉर्नवर हात ठेवला, तो माहेरचं दार येईपर्यंत काढला नाही.