शुगर गेल्याची साक्ष

माझी आई मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती. सांगलीत आजही तिला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. तिच्या वॉर्डात गोळी चुकवायची कुणाची टाप नव्हती. कुणी गोळी गालात दाबून ठेवली, तर ती त्याला आ करायला लावून जीभ उचलायला सांगायची. अशा बाईनं गेल्या वर्षी स्वतःच्याच शुगरच्या गोळ्या बंद केल्या. मला ते कळलं तीन आठवड्यांनी, कपाट आवरताना. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडली होती.

याला कारण तासगावला आलेले, प्रभूच्या नावानं रोग बरे करणारे एक प्रचारक. हंगाम संपल्यावर रिकाम्या पडलेल्या बेदाण्याच्या शेडमध्ये त्यांची सभा भरायची. पांढरा कोट, कानाला अडकवलेला माइक आणि हातात अभिषेकाच्या तेलाची बाटली. तेल लावलं की रोग गेला. त्यावर गोळी घेतली, तर तुमचा विश्वास कमी. आणि रोग नाहीच गेला तर? तरी विश्वास तुमचाच कमी. वा रे वा! म्हणजे यांचं कधी काही चुकायलाच नको.

मी तोंड सोडलं. एवढी शिकलेली तू, एवढे पेशंट बघितलेस, म्हणत घर डोक्यावर घेतलं. आईनं शांतपणे सांगितलं, की माझा आवाज फार चढलाय, बीपी तपासून घ्यावं. मग मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते बिचारे देवमाणूस. त्यांनी चहा घेतला, पवित्र शास्त्र उघडलं आणि त्यातलं एका प्रेषिताचं पत्र दाखवलं. आपल्या तरुण सोबत्याला त्यानं पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. देव औषधातूनही बरं करतो, असं साहेब म्हणाले, आणि शास्त्रातली सोयीची तेवढी ओळ उचलून शिकवणाऱ्यापासून जपून राहायला सांगितलं. आई म्हणाली, त्या सोबत्याला शुगर नव्हती. पाळकसाहेबांनी आणखी अर्धा कप चहा घेतला.

तोवर चपलेनं तिच्या पायाचा अंगठा सोलला होता आणि जखम काही भरेना. अशा जखमांमुळे कुणाकुणाचे पाय कापावे लागले, हे मी लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकलेलं. मला खरंच भीती वाटायला लागली.

तशात प्रचारकांकडून निरोप आला, की रविवारी सिस्टरांनी सभेत साक्ष द्यायची. शुगर गेली असं खुद्द नर्सनंच सांगितल्यावर कोण शंका घेणार? ती ऐकणार नव्हती, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले.

शेड भरली होती. प्रचारकांनी तिला पुढं बोलावलं, या भगिनीची शुगर प्रभूनं नेली म्हणून जाहीर केलं आणि तिच्या हातात दुसरा माइक दिला. आई उभी राहिली. मग तिनं त्यांना विचारलं, की तपासली कधी? ते हसले आणि विश्वासानं बोला म्हणाले.

आता आईचं असं, की नर्सच्या नोकरीत मोजल्याशिवाय तिनं तक्त्यावर कधी आकडा लिहिला नाही. कंटाळा आला म्हणून सकाळचाच ताप संध्याकाळी लिहिणाऱ्या पोरींना तिनं रडवलं होतं. तिनं माइक प्रचारकांच्या हातात परत दिला, पर्समधून शुगरचं मशीन काढलं आणि तिथंच बोटाला सुई टोचली. सगळी शेड माना उंच करून बघत होती. आकडा आला तीनशे ऐंशी.

प्रचारक वाकून तिच्या कानाशी कुजबुजले. पण स्वतःच्या कानाला माइक आहे, हे ते विसरले, आणि सगळ्या शेडनं ऐकलं.

"ताई, आकडा नका सांगू. गेली एवढंच म्हणा."

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की मला त्या रडलेल्या पोरी आठवल्या.

"न मोजता मी कधी लिहिलं न्हाई," ती म्हणाली. "आता मोजून खोटं बोलू? आणि तेबी देवाच्या नावानं?"

कुणी आमेन म्हटलं नाही. मग आटपाडीकडची एक म्हातारी उठली, पुढं आली आणि तिनं आईसमोर बोट धरलं. तिच्यामागं आणखी एक बाई, मग दोन बाप्ये. रांगच लागली. प्रचारकांनी मोठ्यानं गाणं सुरू केलं, पण रांग काही हलेना. आईकडं मशीनच्या पट्ट्या आणि सुया सातच होत्या. त्या संपल्यावर तिनं बाकीच्यांना सरकारी दवाखान्याची वेळ सांगितली आणि तेलावर विसंबू नका म्हणून दम भरला.

स्टँडवर मी पाण्याची बाटली घेतली. माझ्या पर्समध्ये तिच्या गोळ्या होत्याच. तिनं मुकाट्यानं गोळी घेतली. एसटीत बसल्यावर मी अगदी फुलून गेले होते. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं सुनावायचं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती खिडकीबाहेर बघत बोलली.

"मला बरं व्हायचं होतं गं. बारा वर्षं झाली गोळ्या खातीय. कुणीतरी म्हणावं वाटत होतं, की बाई, झालं तुझं, आता पुरे."

मी एवढी ओरडले होते, पण तिला कंटाळा आलाय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू आलं. मी तिचा हात धरला, तो सांगली येईपर्यंत सोडला नाही.