मामांची वाढीव मुदत

मुदत ही संपण्यासाठी नसून वाढण्यासाठी असते, या श्रद्धेवर सुखानं म्हातारा झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे हिचे मामा. गोडदेवला राहणारा हा गृहस्थ एखाद्या तरी गोष्टीला वेळेवर पोचला, असं छातीठोकपणे सांगणारा साक्षीदार भाईंदर पूर्वेत मिळणार नाही. स्वतःच्या लग्नात ते इतके निवांत आले की भटजींचा दुसरा चहा झाला होता. कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभाला पोचले तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. मामांनी त्या उचलणाऱ्यांसमोरच आभाराचं भाषण केलं आणि उरलेले वडे त्यांच्याबरोबर खाल्ले. मी स्वतः गाडीच्या अर्धा तास आधी फलाटावर उभा राहणाऱ्यांपैकी, त्यामुळे या माणसाचा मला फार राग यायचा. पण त्यांच्याशी भांडायचं तरी कधी? भांडायला बोलावलं तरी ते उशिरा येणार.

यावर आमच्या सगळ्या गोतावळ्यानं एक रीत पाडली होती. मामांना कुठलीही वेळ खरी सांगायची नाही. बाराचं जेवण असेल तर साडेदहा सांगायचं. या कारस्थानाच्या मुख्य अर्थातच मामी. बिल भरायची तारीख असो की डॉक्टरची वेळ, मामी ती आधी कापायच्या आणि मग मामांच्या कानावर घालायच्या. मामांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. मामींनी कापलेलं ते मनातल्या मनात परत जोडायचे आणि खुशाल आरामखुर्चीत पडून राहायचे. एकमेकांना फसवल्याचं समाधान दोघांनाही मिळत होतं, आणि संसार चांगला चालला होता.

सुकी मासळी आणायला उत्तनला जाणं हा मामांचा जुना नेम. तिथली एक म्हातारी बाई त्यांची ठरलेली. एकदा मामा नेहमीप्रमाणे उशिरा पोचले, तर अवेळी आलेल्या सरीनं तिचे वाळत घातलेले सगळे बोंबील भिजले होते. ती वाळवणाच्या बांबूंच्या मधे बसून म्हणाली, "पावसाला टायम न्हाय रं भाऊ. मानसानं किती धावायचा?" वेळेवर न येण्याचा आरोप आपल्याखेरीज दुसऱ्या कुणावर होताना मामांनी प्रथमच ऐकला, आणि त्यांना तो फार लागला. घरी येऊन त्यांनी आपोआप सरकणाऱ्या छपराचे नकाशे काढायला घेतले. सुती दोरी भिजली की आखडते, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मामांनी ती दोरी एका खिटीला बांधली. पहिले थेंब पडले की दोरी आखडणार, खिटी सुटणार आणि वजनाच्या ओढीनं ताडपत्री बोंबलांवर सरकणार. वीज नको, माणूस नको. माणूस वेळेवर येईल यावर विसंबणारं यंत्र मामा करणं शक्यच नव्हतं.

याचं पेटंट घ्यायचं ठरलं. एका हुशार वकीलबाईंनी अर्ज केला आणि बऱ्याच काळानं कार्यालयाच्या हरकती आल्या: असं छप्पर परदेशात आधीच आहे, तुमचं वेगळं काय? उत्तराला मुदत होती. ती चुकली तर तुम्हीच अर्ज सोडून दिला असं धरतात. मामींनी मामांना सांगितलं, मार्चअखेर. मामा हसले. मार्चअखेर म्हणजे खरी एप्रिलअखेर, एवढं कळण्याइतका त्यांचा संसार जुना होता. तेवढ्यात लॉकडाउन आला, काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकचा आवाज थांबला, आणि मामा आरामखुर्चीतून हललेच नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी मोठ्या अभिमानानं वकीलबाईंना फोन केला, की बघा, चक्क पंधरा दिवस आधी करतोय. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "काका, तारीख मार्चचीच होती. पण थांबा, रोज नव्या सूचना निघतायत. बघून सांगते."

मामांनी फोन ठेवला आणि मामींकडे बघितलं. "तू खरी तारीख सांगितली होतीस?"

"एवढ्या मोठ्या गोष्टीत खोटं कसं बोलू?" मामी म्हणाल्या.

हे मला मामींनीच फोनवर सांगितलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पेटंट गेल्याचं दुःख होतंच, पण बायको आयुष्यात एकदा खरं बोलली आणि आपण ते खोटं धरून चाललो, हे त्यांना खात होतं. मीरा रोडला घरात कोंडलेला मी फोनवरून धीर देत होतो. खरं तर मला त्यांना दोन शब्द सुनावायचे होते, पण तो हताश आवाज ऐकून आधी जेवून घ्या, एवढंच सांगत राहिलो.

आणि मग वकीलबाईंचा फोन आला. लॉकडाउनच्या काळात संपलेल्या मुदती कार्यालयानं पुढे ढकलल्या होत्या. उशिराचं शुल्कही पडणार नव्हतं. पुढे न्यायालयानंही तो काळ मुदतीतून वगळायचा आदेश काढला. मामांनी त्या संध्याकाळी भाचे, पुतणे, व्याही, झाडून सगळ्यांना फोन केले. जन्मभर ज्या तत्त्वापायी त्यांनी टोमणे खाल्ले ते आता देशानं मान्य केलं होतं. "मी उशीर करत नव्हतो," त्यांनी मला ऐकवलं, "मी सरकारची वाट बघत होतो." आणि खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

पण हरकतीला उत्तर द्यायचं तर यंत्र विजेशिवाय आणि माणसाशिवाय चालतं, हे वेगळेपण दाखवायला हवं होतं. उत्तनला जाता येईना, आणि इमारत अशी की गच्चीवर बोंबलाचं नाव काढलं तर सोसायटीची सभा भरेल. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गुजराती सेक्रेटरीच्या बायकोचे खिचिया, म्हणजे तांदळाच्या पिठाचे पापड, मामांच्या यंत्राखाली वाळत पडले. सेक्रेटरी स्वतः चौकशी करायला वर आले असतानाच मे महिन्यातली एक अवकाळी सर आली. बाकीच्या बायका आपापली वाळवणं उचलायला जिना चढेपर्यंत मामांची खिटी सुटली आणि ताडपत्री सरसर पुढे गेली. सेक्रेटरींनी मोबाइलवर सगळं टिपलं आणि म्हणाले, "अंकल, आपका ढक्कन तो हमारे से पहले पहुँच गया." तेच चित्रीकरण उत्तराला जोडलं गेलं. नव्या मुदतीची तारीख मामांनी मामींना विचारली, त्यात एकही दिवस जोडला नाही, आणि उत्तर मुदतीच्या आत गेलं.

यथावकाश पेटंट मिळालं. पहिलं छप्पर उत्तनच्या त्या म्हातारीच्या अंगणात बसवायचं ठरलं. अकराचा कार्यक्रम. आम्ही रीतीप्रमाणे मामांना साडेनऊ सांगितलं आणि पावणेअकराला पोचलो, तर मामा म्हातारीच्या ओट्यावर कधीचे येऊन बसलेले. तिनं स्वतःच्या हातानं दोरीवर तांब्याभर पाणी ओतलं, ताडपत्री धावली आणि अख्खी आळी टाळ्या वाजवायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मामा स्वतःसाठी वाजलेल्या टाळ्यांना हजर होते.

परतताना मी मामींना म्हटलं, आता यांना खऱ्या वेळा सांगायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, कधीच्याच सांगते. त्या एप्रिलपासून मामा मामींच्या शब्दात काही जोडत नाहीत. सातला येतो म्हणाले तर सातला दारात उभे असतात.

"मग बरं झालं की," मी म्हणालो.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं संध्याकाळी खिडकीत उभं राहून यांची वाट बघायचे रे. आता खिडकीशी जाते न जाते तोच बेल वाजते."