खऱ्या गोळ्या, कोऱ्या गोळ्या

कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला एक गोष्ट जन्मभर पुरते. कपड्यावरचे केस! कितीही झटका, एखादा कुठून तरी निघतोच. आमच्या औषधाच्या ट्रायलच्या किश्श्यांचंही तसंच आहे. देसाई सर, त्यांचे ड्रायव्हर बाबूमामा आणि मी मिरजेत भेटलो, की "आज तो विषय नको हं" असं म्हणूनच सुरुवात होते आणि तिघांचाही चहा गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच शिकून सरांच्या जनावरांच्या दवाखान्यात लागले होते. म्हातारपणी सांधे धरलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी एका कंपनीनं नवी गोळी काढली होती आणि ती पाळीव जनावरांना देऊन बघायचं काम सरांनी घेतलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे ना मालकाला ठाऊक, ना आम्हाला! मालकाला वाटेल तेव्हा बाहेर पडायची मुभा होती आणि त्या मुभेनंच सरांची झोप उडवली होती. जनावरं गळाली तर सगळी मेहनत पाण्यात. "मिरजेत बसून असली कामं होत नसतात," असं पुण्याच्या मित्रांनी त्यांना आधीच ऐकवलं होतं. ते त्यांना फार लागलं होतं. म्हणून सर प्रत्येक मालकापुढं हात जोडायचे, "एवढंच करा, मधेच सोडू नका!"

* * *

सुरुवात कुंडलपासून झाली. सरांनी पारावर बसून खऱ्या आणि बिनऔषधाच्या गोळीची भानगड सगळ्यांना समजावली. ऊसवाले एक पाटील शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे गोळी कुठली, ते आमाला म्हाईत नसनार?"

"नाही."

"आन तुमाला?"

"मलाही नाही."

"ह्या डॉक्टरीणबाईस्नी?"

"त्यांनाही नाही."

पाटलांनी आमच्याकडं बघितलं, मग लांब उभ्या असलेल्या जीपकडं बघितलं.

"मग ड्रायवरला तरी इचारा की!"

बाबूमामा त्या दिवसापासून स्वतःला सिनियर समजायला लागले. बिनऔषधाच्या गोळीला कोऱ्या चहासारखं 'कोरी गोळी' हे नाव पडलं तेही त्याच पारावर.

* * *

त्याच गावात दोन भाऊ एका घरात राहत होते. दोघांचं एकेक म्हातारं कुत्रं. दोघांनाही आम्ही वेगवेगळ्या बाटल्या दिल्या. पुढच्या खेपेला गेलो तर चुलीजवळ बिस्किटांचा एक डबा आणि त्यात सगळ्या गोळ्या एकत्र! सरांना घामच फुटला.

"आजी, हे कुणी केलं?"

"म्या केलं," त्यांची आई म्हणाली. "दोन ल्योकं, दोन सुना, आजवर कुनाच्या ताटात कमीजास्त वाढलं न्हाई. आन आता एका कुत्र्याला खरी आन दुसऱ्याला कोरी? माज्या घरात चालायचं न्हाई!"

दोन्ही कुत्री ट्रायलमधून बाद झाली. आजीनं मात्र आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याचं भरीत तिघांच्याही ताटात अगदी सारखं होतं.

* * *

आटपाडीचा एक मेंढपाळ त्याचं कुत्रं घेऊन एसटीनं मिरजेला यायचा. कुत्रं गाडीत घेत नाहीत म्हणून एकदा पठ्ठ्यानं ते घोंगड्यात गुंडाळलं.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"कोकरू."

कोकरू लगेच भुंकलं! सगळी गाडी मागं वळली. कंडक्टरनं शांतपणे कोकराचं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "मिरज येस्तंवर त्येला मेंढरागत वरडाय शिकीव."

हे ऐकल्यावर सरांनी त्या कंडक्टरसाठी खास पेढे पाठवले. ट्रायल टिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना उगाचच प्रेम वाटायचं.

* * *

मिरजेतच तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांची मांजर होती. बेगम नाव तिचं. वय झालेलं, पाटावरसुद्धा चढवत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत चाचा तणतणत आले.

"डॉक्टरसाब, बंद करो ये दवा!"

"का हो? गुण नाही?"

"गुण? अहो, माळ्यावर तंबोऱ्याचे भोपळे वाळत ठेवलेत, तिथपर्यंत उडी मारती ती! दोन फोडले! माझी बेगम बुढी होती तीच बरी होती!"

औषध लागू पडलं म्हणून पेशंट सोडून गेला, असं माझ्या कारकिर्दीत पुन्हा कधी झालं नाही. सर दिवसभर हसत होते आणि मधूनच गळालेली जनावरं बोटांवर मोजत होते.

* * *

साताऱ्याकडच्या कांबळे गुरुजींचा किस्सा मात्र हसत सांगायला घेतला, तरी शेवटी माझा आवाज बदलतो. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांचा मोती म्हणजे पांढरं, एका तपकिरी कानाचं, गुरुजींसारखंच शिस्तीचं कुत्रं. तपासणीची तारीख कधी चुकली नाही. एका खेपेला गुरुजी आले, सोबत मोतीचा पट्टा घातलेलं कुत्रं. पांढरंच होतं, पण दोन्ही कानही पांढरे.

सरांनी वाकून बघितलं. "गुरुजी, ही कुत्री आहे."

"हो सर."

"मोती कुठाय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "गेला, गेल्या आठवड्यात. वयच झालं होतं त्याचं. ही शेजाऱ्यांची. तुम्हाला शब्द दिला होता ना, मधेच सोडणार नाही म्हणून."

सरांनी गुरुजींचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्या कुत्रीला अगदी रीतसर तपासलं. ट्रायलमध्ये तिचा काही उपयोग नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींनासुद्धा.

आज जनावरांच्या दवाखान्यात एसी आहे, मशिनं आहेत, फोनवर फोटो येतात. चांगलंच आहे. पण त्या जीपमधला ओल्या कुत्र्याचा वास आणि मांडीवरची कागदात बांधलेली पिठलं-भाकरी आठवली, की अजून निघावंसं वाटतं. ती माणसं तर फार आठवतात.

* * *

आणि आता हवालदार आबा.

कराडजवळच्या एका गावातले हे रिटायर्ड फौजी. पेन्शनीवर आल्यापासून गुडघ्यांचं निमित्त करून बाजेवर बसले ते बसलेच. उंबरा ओलांडायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. बाजेखाली त्यांचा शेरा, तोही तसाच सांधे धरलेला. आबांना ट्रायलमध्ये आणलं ते त्यांच्या बायकोनं, काकूंनी. शेऱ्याला रोज संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालवून तो किती लंगडतो ते बघायचं, असा नियम होता. कुत्रं चालवायचं म्हणजे माणसानं चालणं आलंच.

"ऑर्डर हाय का?" आबांनी विचारलं होतं.

"ऑर्डर आहे," सर म्हणाले होते.

त्यानंतर आम्ही जायचो तेव्हा बाज रिकामी दिसायची. आबा ओढ्यावरच्या पारावर जुन्या दोस्तांत बसलेले असायचे आणि शेरा त्यांच्या पायाशी. "लय जबरी औषध हाय!" असं ते सगळ्या गावाला सांगायचे.

रडतखडत का होईना, पुरेशी जनावरं टिकली आणि ट्रायल पार पडली. कुणाला कुठली गोळी होती, ते कंपनीनं मग उघड केलं. आबांच्या शेऱ्याला कोरी! आम्ही जीपनं आबांच्या गावाला निघालो. हे आबांना सांगायचं कसं? खऱ्या गोळ्यांची बाटली शेऱ्यासाठी सोबत घेतली होती, पण सरांच्या तोंडावरची काळजी काही जाईना.

दारातच काकूंनी आम्हाला अडवलं. सरांनी हळूच त्यांना सगळं सांगितलं. कोरी गोळी, संपलेली ट्रायल, सगळं.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि चक्क सरांपुढं हात जोडले.

"आवं सायेब, गोळी कुत्र्याला आन गुन मालकाला आला. तुमी ती खरी गोळी शेऱ्याला खुशाल द्या. पर संपलं म्हनून ह्येंस्नी सांगू नगा. पुन्यांदा बाजंवर बसतील. तुमीच म्हनला व्हता न्हवं, मदीच सोडू नका? मग आता तुमी बी सोडू नका!"

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. आबा बाहेर आले, पाठोपाठ शेरा.

"काय सायेब? संपली म्हनं ट्रायल? गावात आवई हाय."

सरांनी काकूंकडं बघितलं. बाटली आबांच्या हातात दिली. मग पाय जुळवून ताठ उभे राहिले.

"हवालदार, ऑर्डर बदलली आहे. उद्यापासून ओढ्यापर्यंत नाही. पार पुलापर्यंत!"

आबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि खाली बघून ओरडले, "ऐकलं का रं शेऱ्या? बढती झाली आपली!"