एअर लाइनमधली तेहतीस वर्षं

आता लपवून तरी काय उपयोग? आमच्या सौ.नं, सुनंदानं, बडोद्यातल्या आमच्या अख्ख्या वासणा भागात ही गोष्ट सांगितलीय. म्हटलं, उरलेल्यांना निदान आपल्या तोंडून कळू दे!

बडोद्याजवळच्या बाजव्याच्या रिफायनरीतून मी रिटायर झालो आणि आम्ही दोघं गाडी काढून बडोद्याहून थेट गोव्याला गेलो. तिथे विमानांचं एक संग्रहालय आहे. आवारात जुनी विमानं रांगेनं उभी. सुनंदा फोटो काढत होती आणि मी एका विमानाच्या पोटाखाली वाकून पाईप मोजत होतो. सवय हो, दुसरं काय!

तेवढ्यात मागून आवाज. "केम छो? बरोडाना ने? गाडीचा नंबर पाहिला!"

हे जयंतीभाई. बडोद्यातल्याच मांजलपूरच्या वीस-बावीस ज्येष्ठ नागरिकांना गोवा दाखवायला घेऊन आलेले. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटला, की अर्धं गुजराती, अर्धं मराठी, गप्पा सुरू!

"तमे नोकरी शुं करता हता?"

"एअर लाइन! तेहतीस वर्षं!"

आता तुम्हीच सांगा, यात खोटं काय? प्लांटमध्ये दाबाची हवा नेणारे पाईप असतात, त्यांना आम्ही एअर लाइनच म्हणतो. माझं अख्खं आयुष्य त्यांची गळती शोधण्यात गेलं. पण हे जयंतीभाईंना कसं कळावं?

"बहु जवाबदारीनुं काम!"

"मग! प्रेशर पडलं की सगळं बंद!"

"कधी... फेल?"

"अहो, पावसाळ्यात तर आठवड्याला एकदा!"

जयंतीभाई पांढरेफटक. "पछी?"

"मग काय! हातोडीचे दोन ठोके, की चालू!"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मंडळींना हाक मारली, "अरे, बधा आवो! कॅप्टनसाहेब छे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण तेहतीस वर्षांत मला कुणी साधं साहेबसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि इथे एकदम कॅप्टन! मी पोट आत घेतलं.

सुनंदानं चिमटा काढला. "अहो, काय चाललंय हे?"

"गप. ग्रुप फोटो आहे."

पुढचा अर्धा तास मी त्या मंडळींना विमानं समजावून दिली. शेपटीला रडार म्हणालो, नाकालाही रडारच म्हणालो. सगळे भक्तिभावानं माना हलवत होते.

आणि एकदम, मघापासून आमचं बोलणं ऐकणाऱ्या कोकिलाबेन, जयंतीभाईंच्या पत्नी, संग्रहालयाच्या पायरीवर बसल्या. "हुं प्लेनमां नहीं बेसुं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी या सगळ्यांचं परतीचं विमान होतं. संध्याकाळी बडोद्यात कोकिलाबेनच्या नातीचं लग्न!

"साहेब स्वतः कहे छे, दर आठवड्याला बंद पडतं! हवेत हातोडी मारतात!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मी साहेबांच्या गाडीतून येईन."

"अगं, गाडीनं दोन दिवस लागतील! लग्नाचं काय?" जयंतीभाई गयावया करू लागले.

तोवर बाजूच्या दोन आजीही पायरीवर बसल्या. मग एक आजोबा. पाहता पाहता पायरी भरली! नातीच्या लग्नाला आजी नाही, आणि कारण कोण? मी!

"कोकिलाबेन," मी घसा खाकरून म्हणालो, "मी पायलट नाही. मी आजवर विमानात बसलेलोसुद्धा नाही. ती एअर लाइन म्हणजे... रिफायनरीतले हवेचे पाईप."



"एटले... पाईप?" जयंतीभाईंनी विचारलं.

"पाईप."

कोकिलाबेन आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की ठसका लागला. विमानाचं भय पळालं. पायरी रिकामी झाली. मला वाटलं, सुटलो! थोडी अब्रू परत मिळवावी म्हणून मी मोठ्या मनानं म्हणालो, "तरी भीती वाटलीच, तर आमच्या गाडीत जागा आहे हं."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सुनंदाकडे वळल्या. "बेन, गाडी तो खरेखर साहेब चलावे छे ने?"

"छे हो!" सुनंदा म्हणाली. "गाडी मी चालवते. हे लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेत."