उड्या मारणाऱ्या मुलाची चौकशी

आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडताना एवढंच सांगितलं, "चाला. बाकी काही नको, फक्त चाला." इतकं सोपं वाक्य! पण सोपं सांगितलेलं ऐकेल तो माझा नवरा कसला? रिक्षात बसल्या बसल्या हे म्हणाले, "चालणं हा काय व्यायाम झाला? चालत तर मी मंडईतही जातो."

आणि मग आमच्या घरात तो मुलगा शिरला. म्हणजे टीव्हीतून. सकाळी सातला एका वाहिनीवर यायचा. देखणा हो, नाही म्हणायचं नाही मला. पोटावर नारळाच्या वड्या पाडल्यासारखे चौकोन. नावाखाली ठळक अक्षरांत 'सेलिब्रिटी ट्रेनर'. दोन्ही हात वर करून तो टणाटण उड्या मारायचा आणि ओरडायचा, "थांबायचं नाही! हार्ट म्हणजे मशीन आहे मशीन! दमवा त्याला!"

दमवा म्हणे! ज्या मशीनची दुरुस्ती नुकतीच झालेली, ते हे दमवत होते. पोपटी टी-शर्ट आणला होता खास. दिवाणखान्यात टीपॉय बाजूला सारून ह्यांच्या उड्या सुरू झाल्या की शोकेसमधले कप किणकिणायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी. पोळी करपायची. खोटं कशाला बोलू, मला फार भीती वाटायची. हे घाम पुसायला थांबले तरी मी फोनवर डॉक्टरांचा नंबर काढायची, आणि पुन्हा उडी मारली की वाटायचं, थांबले होते तेच बरं होतं.

मी काय काय करून पाहिलं नाही! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उड्या? अजिबात नाही." त्यावर हे म्हणाले, "डॉक्टरांना तसं बोलावंच लागतं, त्यांच्या अंगाशी येतं ना." मग सदाशिव पेठेतच आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एक फिजिओथेरपिस्ट आहेत, रीतसर शिकलेले, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी अर्धा तास बसवून नीट समजावलं. बाहेर पडल्यावर चपला घालता घालता हे म्हणतात, "स्वतःचं पोट बघितलंस का त्याचं? टेबलाला टेकत होतं." झालं! त्या बिचाऱ्याची सगळी पदवी एका पोटापुढे फुकट गेली. मुलाला बंगलोरला फोन केला, तर तो म्हणतो, "आई, चिल! एवढं मोठं चॅनेल आहे, त्यांनी चेक केलंच असणार ना." पेपरच्या पुरवणीत त्या मुलाची मुलाखत आली होती, तीही ह्यांनी माझ्यापुढे नाचवली. पेपरवाल्यांना वाटलं टीव्हीवाल्यांनी बघितलंय, आणि आमच्या ह्यांना वाटलं दोघांनीही बघितलंय.

तेव्हा मी मावशीला फोन केला. माझी मावशी पंच्याहत्तरीच्या पुढची आहे आणि चौकशी या विषयात तिचा हात धरणारा पुण्यात कोणी नाही. लग्नाचं स्थळ आलं की आमच्या सगळ्या नात्यात आधी तिला फोन जातो. मुलाचं शिक्षण खरं की सांगण्यापुरतं, नोकरी कायम की कंत्राटी, पत्त्यावर घर स्वतःचं की मामाचं, सगळं ती दोन दिवसांत काढते. किती लग्नं जमवली हे ती सांगत नाही, किती वेळेवर मोडली हे सांगते.

"मुलगा काय करतो?" तिने सवयीने विचारलं.

"उड्या मारतो," मी म्हणाले.

सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "आडनाव सांग. आणि ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन. तिच्या भिशीतल्या एका बाईंची विहीण वारज्याला राहते, आणि त्या विहिणीच्या सोसायटीत, त्याच बिल्डिंगमध्ये, या मुलाची आई! मुलगाही तिथेच असतो, शूटिंगपुरता मुंबईला जातो. "उद्या पाच वाजता बोलावलंय," मावशी म्हणाली. "जरा बरी साडी नेस."

बरी साडी कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. तिथेच मी फसले.

वारज्याला पोचलो. आठवा मजला, दाराला ताजं तोरण. दार उघडलं त्या बाई अगदी सालस, माझ्याच वयाच्या, आणि चक्क पैठणीत. संध्याकाळी पाच वाजता! आत टेबलावर कांदेपोहे, वर खोबरं-कोथिंबीर, शेजारी नारळाची बर्फी. मला वाटलं, काय बाई हौशी आहेत. त्यांनी मला आपुलकीने शेजारी बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "मुलीची पत्रिका आणलीय का?"

मी ग्लास तसाच टेबलावर ठेवला. मी मावशीकडे बघितलं. मावशी पंख्याकडे बघत होती.

आता झालं होतं असं, की मावशीने आपल्या नेहमीच्या पद्धतीने विचारलं होतं: मुलाचं शिक्षण काय, तब्येत कशी, स्वभाव कसा. पुण्यात कोणी एखाद्या अविवाहित मुलाबद्दल एवढं विचारलं, तर पुढे काय समजायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या विहीणबाईंनी आनंदाने निरोप पोचवला होता. आणि मावशीला हे सगळं ठाऊक होतं! पोह्यांच्या वाफेसकट ठाऊक होतं!

"पत्रिकेचं नंतर बघू हो," मावशी शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे आधी शिक्षण बघतात."

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी खाली बघत बसले, तर त्या माउलीला वाटलं मी लाजाळू आहे.

"बी.कॉम. आहे," त्या म्हणाल्या. "दोन विषय राहिले होते, ते सोडवले नंतर."

"आणि व्यायामाचं?"

"व्यायामाचं म्हणजे?"

"म्हणजे लोकांना शिकवतो ना तो. ते कुठे शिकला?"

"अहो, अंगातच आहे त्याच्या! लहानपणी एका जागी बसायचा नाही. गणपतीच्या स्पर्धेत दोरीवरच्या उड्यांत कायम पहिला." मग जरा आठवून त्या म्हणाल्या, "आणि हो, गोव्याला कोर्स केलाय ना. चांगला दोन दिवसांचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथली वीज गेली, म्हणून एकाच दिवसात आटोपला. पण सर्टिफिकेट पूर्ण दोन दिवसांचं दिलं हो त्यांनी. फसवलं नाही."

मावशीने पोह्यांचा घास तोंडाजवळ नेलेला तसाच धरून ठेवला. मी पदराच्या आत अक्षरशः थरथरत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात हसू किती आणि भीती किती हे माझं मलाच कळत नव्हतं. एका दिवसाचा कोर्स, तोही वीज असेपर्यंत! आणि त्याच्या भरवशावर माझा नवरा रोज सकाळी स्टेंट हलवत होता.

"प्रकृती?" मावशीने पुढचा प्रश्न टाकला. तिने एकही रकाना कधी रिकामा सोडलेला नाही.

"उत्तम! फक्त पाठ धरते. उड्यांनी हो, दुसरं काही नाही. लग्नानंतर कमी करेल."

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि साक्षात मुलगा आत आला. टीव्हीपेक्षा बुटका. थ्री-फोर्थ पँट, कमरेला पाठदुखीचा पट्टा, हातात दुधाची पिशवी. आम्हाला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. आमच्या मुलालाही पाहुण्यांसमोर बसवलं की हाच चेहरा व्हायचा. आईने डोळ्यांनी दटावलं तसा तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"या मुलीच्या आई," त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या.

माझ्याच्याने राहवेना. किती वेळ ताणणार? त्या पैठणीकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मला मुलगी नाहीये," मी म्हणाले. "नवरा आहे."

बशी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बाई जागच्या जागी थिजल्या. मुलगा आईकडे बघतोय, आई मावशीकडे, मावशीने आपली बर्फी उचलली. मग मात्र मी भडाभडा सगळं ओकले. स्टेंट, पोपटी टी-शर्ट, शोकेसमधले कप, 'दमवा त्याला', सगळं. बोलता बोलता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. म्हटलं, "अरे, तू सांगतोस म्हणून ते करतात रे. माझं नाही ऐकत, डॉक्टरांचं नाही ऐकत. तुझं ऐकतात."

त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला. सेलिब्रिटीबिलिब्रिटी सगळं उतरलं, वारज्यातलं एक घाबरलेलं पोरगं उरलं. "काकू, स्टेंट? उड्या मारतात? फोन लावा. व्हिडिओ लावा, आत्ता लावा!"

लावला. बराच वेळ वाजला. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी हे स्क्रीनवर आले, लालबुंद, धापा टाकत, घामाने निथळत. संध्याकाळी पाचला त्याच कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण असतं, हे मी विसरलेच होते! म्हणजे मी घरात नाही असं बघून हे दुसऱ्यांदा! ह्यांच्या मागे टीव्ही चालू, टीव्हीत तोच मुलगा हात वर करून ओरडतोय, "थांबायचं नाही!" आणि इकडे माझ्या हातातून फोन घेऊन हाच मुलगा ओरडतोय, "काका, थांबा! आधी बसा! बसा खाली!"

ह्यांनी फोनकडे बघितलं. मागे वळून टीव्हीकडे बघितलं. पुन्हा फोनकडे बघितलं.

"नक्की कोणाचं ऐकू?" ह्यांनी विचारलं.

"फोनवरच्याचं!" आम्ही चौघं एकदम ओरडलो. त्याची आईसुद्धा, बशी हातात घेऊन.

हे बसले. छातीत दुखतंय का, गरगरतंय का, त्या मुलाने सगळं विचारलं, तेही नीट, न ओरडता. श्वास ताळ्यावर येईपर्यंत फोन सोडला नाही. नाही दुखत म्हणाले. तरी उद्या डॉक्टरांना दाखवायचं आणि खरं सांगायचं, असं कबूल करून घेतलं. शेवटी ह्यांनी एक फोटो काढू का विचारलं, म्हणजे माझी खात्री पटली की माणूस ठणठणीत आहे.

फोन ठेवल्यावर मी त्याला विचारलं, "मग टीव्हीवर सगळ्यांना का सांगतोस रे? चॅनेलवाल्यांनी शिक्षण विचारलं नाही तुला?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "नाही, काकू. त्यांनी फक्त शर्ट काढायला सांगितला."

 मग त्याची आई म्हणाली, "पोहे गार झाले हो," आणि आम्ही मुकाट्याने खाल्ले. चांगले झाले होते. निघताना मी त्या बाईंचे हात धरून माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "असू द्या. कोणी मुलगी असेल बघण्यात तर सांगा." मावशीने लगेच मुलाची जन्मतारीख विचारून घेतली. रिक्षात बसल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की रिक्षावाल्याने आरसा फिरवून बघितलं. मध्येच मला पुन्हा रडू आलं, तेव्हा मावशीने पाठीवरून हात फिरवला आणि काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ह्यांनी सवयीने टीव्ही लावला, पण चहाचा कप घेऊन कोचावर बसून. तो मुलगा आधी चित्रित केलेल्या भागात मजेत उड्या मारत होता आणि हे त्याला "अरे लबाडा!" म्हणत खिदळत होते. किती दिवसांनी मी पोळी न करपवता केली! एवढ्यात आमचा पंखा हलायला लागला. बंद पंखा. वरून धप्, धप्, धप्. टीव्हीतल्या उड्यांच्या अगदी तालात.

ह्यांचं हसू मावळलं. वरच्या मजल्यावर चाचा राहतात. मंडईत त्यांचा फळांचा गाळा होता, आता मुलगा बघतो. ह्यांचे फिरायला जायचे जोडीदार, आणि ह्यांच्या आधी दोन वर्षं त्यांची बायपास झालेली.

"मीच सांगितलं गं त्यांना," हे म्हणाले आणि कप तसाच ठेवून उठले.

"अहो, सावकाश! जिना आहे!" मी ओरडत मागे धावले. हे कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते, मध्ये थांबत होते, वरून धप् धप् येत होतं, आणि मला कळेना की मी खालच्याला आवरू की वरच्याला. शेवटी ह्यांनी बेल दाबली, सोडलीच नाही. चाचांनी दार उघडलं. घामाने डबडबलेले, पण खूश.

"बंद करा ते," हे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"असं काय करता?" चाचा हसत म्हणाले. "मी तर तुमच्याकडे बघून सुरू केलं."

ह्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. आवाज एवढा कापताना मी दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता.

"मग आता माझ्याकडे बघून थांबा," हे म्हणाले.